‘पहिला’ म्हणजे नेमका कशात पहिला?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकन बास्केटबॉलपटू अर्ल लॉइडवर आलेला लेख वाचला. क्रिकेटच्या भाऊगर्दीत या माणसाला अर्धे पान मिळाले, हेच आधी अप्रूप. पण लेखात ‘पहिला’ हा शब्द सात वेळा आला आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळा तो चुकीच्या जागी पडला आहे. आम्ही काही जण बास्केटबॉल स्पर्धांत तांत्रिक टेबलावर बसून गुणलेखन करतो. एक फाउल भलत्या नावापुढे लागला की पुढचा सगळा कागद बिघडतो, हे माहीत असल्यामुळे हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत. जागेअभावी काटछाट करावी लागली तर ती खुशाल करावी. तारखांना मात्र हात लावू नये.

‘अमेरिकेतला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक बास्केटबॉलपटू’ असे लॉइडचे वर्णन लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. ते बरोबर नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावचा हॅरी ‘बकी’ लू 1902 मध्येच न्यू इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला होता, म्हणजे लॉइडच्या जन्माच्या 26 वर्षे आधी. पुढे 1923 मध्ये बॉब डग्लसने हार्लेममध्ये न्यूयॉर्क रेनेसान्स, म्हणजे ‘रेन्स’, हा पूर्ण कृष्णवर्णीय व्यावसायिक संघ उभा केला. रेन्सनी 1932-33 च्या हंगामात लागोपाठ 88 सामने जिंकले आणि 1939 मध्ये शिकागोची जागतिक व्यावसायिक स्पर्धा ऑशकॉश ऑल-स्टार्सना 34-25 असे हरवून घेतली. हे लोक हौशी नव्हते, खेळून पोट भरत होते.

गोऱ्या-काळ्यांची मिसळ झालेली मोठी लीग म्हटले, तरी लॉइडच्या आधीची नावे निघतात. नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये 1942 साली टोलेडो आणि शिकागो या दोन संघांनी कृष्णवर्णीय खेळाडू घेतले. महायुद्धात तरुण सैन्यात गेले होते, खेळाडू मिळत नव्हते, म्हणून दारे उघडली. टोलेडोने चार सामन्यांतच गाशा गुंडाळला, तो पैशांअभावी. पण साल पाहा: बेसबॉलच्या मोठ्या लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडणारा जॅकी रॉबिन्सन 1947 मध्ये आला, त्याच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट. त्याच लीगमध्ये 1946 साली रॉचेस्टर रॉयल्सकडे डॉली किंग होता आणि बफेलोकडे पॉप गेट्स. हा रॉचेस्टर लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

मग लॉइड पहिला कशात? एनबीएमध्ये, म्हणजे नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये. आणि तिथेही ‘पहिला’चे चार तुकडे पडतात. ड्राफ्ट, म्हणजे महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंवर संघांनी आळीपाळीने हक्क सांगायची निवड, 25 एप्रिल 1950 रोजी झाली. तीत सर्वांत आधी नाव पुकारले गेले ते चक कूपरचे; डुकेन विद्यापीठाच्या या खेळाडूला बोस्टन सेल्टिक्सने दुसऱ्या फेरीत घेतले. लॉइडची पाळी वॉशिंग्टन कॅपिटॉल्सकडून थेट नवव्या फेरीत आली. पहिली सही आणखी वेगळ्याच माणसाची. नॉर्थ कॅरोलायना कॉलेजच्या हॅरल्ड हंटरलाही वॉशिंग्टननेच निवडले होते आणि करारावर सही त्याने आधी केली, पण हंगामपूर्व सराव शिबिरात त्याला वगळले गेले. पुढे 1968 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाला प्रशिक्षण देणारा हाच हंटर, पण एनबीएच्या एकाही गुणपत्रिकेवर त्याचे नाव नाही. नॅट ‘स्वीटवॉटर’ क्लिफ्टन तिसरा. गावोगाव खेळ करणाऱ्या हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीय संघाकडे असलेला त्याचा करार न्यूयॉर्क निक्सनी विकत घेतला. सही करून प्रत्यक्ष खेळलेल्यांत त्याचा क्रमांक पहिला लावतात. लॉइडचा मान चौथ्या प्रकारचा आहे: एनबीएच्या अधिकृत सामन्यात मैदानावर उतरलेला पहिला कृष्णवर्णीय.

तोही वेळापत्रकाच्या कृपेने. वॉशिंग्टनचा पहिला सामना 31 ऑक्टोबर 1950 रोजी होता, बोस्टनचा 1 नोव्हेंबरला. कूपर एका रात्रीने मागे पडला आणि क्लिफ्टन त्याच आठवड्यात उतरला. वेळापत्रकात दोन ओळी वरखाली झाल्या असत्या तर आपण अर्धे पान कूपरवर छापले असते. लॉइडला स्वतःला याची पुरती जाण होती. रॉबिन्सनशी तुलना केलेली त्याला कधीच रुचली नाही.

आणखी एक गफलत. एनबीए स्वतःचे जन्मसाल 1946 मानते, कारण ती बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका या आधीच्या लीगचे विक्रम आपलेच धरते. तसे धरले तर ‘पहिला गौरेतर खेळाडू’ हा मान वाट मिसाकाकडे जातो. हा जपानी वंशाचा युटाचा खेळाडू 1947-48 मध्ये निक्सकडून तीन सामने खेळला, 7 गुण मिळवले आणि संघाबाहेर गेला. म्हणून लॉइडसाठी ‘गौरेतर’ हा शब्द वापरू नये, ‘कृष्णवर्णीय’च लिहावे.

लेखात संघमालकांच्या ‘मनःपरिवर्तना’वर चार ओळी आहेत. मन बदलले असेलही. पण हिशेब आधी बघावा लागतो. त्या काळात एनबीएच्या सामन्याला प्रेक्षक जेमतेम असत. गर्दी खेचायची ती एब सॅपरस्टीनच्या ग्लोबट्रॉटर्सनी. म्हणून एकाच तिकिटावर दोन सामने ठेवायचे: एक ग्लोबट्रॉटर्सचा, एक लीगचा. लोक ग्लोबट्रॉटर्स पाहायला येत आणि लीगचा गल्ला त्यातून भरे. ग्लोबट्रॉटर्सचे सगळे बळ कशावर? देशातल्या उत्तम कृष्णवर्णीय खेळाडूंना दुसरीकडे जागा नव्हती यावर. लीगने ते खेळाडू उचलले तर सॅपरस्टीन रुसणार, आणि तो रुसला तर तिकीटविक्री बसणार. ही भीती पोकळ नव्हती. बोस्टनने कूपरला निवडल्यावर सॅपरस्टीनने बोस्टन गार्डन या तिथल्या स्टेडियमवर बहिष्कार घातला. दुसऱ्या बाजूला निक्सचा नेड आयरिश, क्लिफ्टन मिळणार नसेल तर आपला संघ लीगमधून काढून घेईन, असे धमकावत होता. न्यूयॉर्कशिवाय लीग चालणे कठीण. दोन धमक्यांपैकी दुसरी जड ठरली. त्यातच खेळाच्या दर्जाबद्दलचा वाद ग्लोबट्रॉटर्सनी आधीच निकालात काढला होता: 19 फेब्रुवारी 1948 रोजी शिकागो स्टेडियममध्ये त्यांनी जॉर्ज मायकनच्या मिनीॲपोलिस लेकर्सना 61-59 असे हरवले. विजयी बास्केट एर्मर रॉबिन्सनने अगदी शेवटच्या क्षणी टाकली.

एक बारकावा सहसा कोणी लिहीत नाही. 1949-50 च्या हंगामात एनबीएत 17 संघ होते. लॉइड आला त्या 1950-51 च्या सुरुवातीला उरले 11. म्हणजे खेळाडूंच्या नोकऱ्या भराभर आटत असताना हे चौघे आत शिरले. चौथा म्हणजे हँक डीझोनी. तो डिसेंबरमध्ये ट्राय-सिटीज ब्लॅकहॉक्सकडून पाच सामने खेळला आणि सोडून गेला. जागा वाढल्या म्हणून यांची सोय लागली, असे म्हणायला जागा नाही.

आता ती रात्र. लेखकाने ‘थरारून गेलेले स्टेडियम’ असे काहीसे लिहिले आहे. थरार काहीच नव्हता. रॉचेस्टरच्या एजर्टन पार्क अरीनामध्ये दोनेक हजार माणसे होती. कृष्णवर्णीय खेळाडू या गावाने चार वर्षांपूर्वी डॉली किंगच्या रूपाने पाहिला होता, त्यामुळे आरडाओरडा झाला नाही, शिव्याही पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले नाहीत. हॅलोविनची, म्हणजे भुताखेतांची सोंगे घेऊन फिरण्याची रात्र होती. लोकांना मी भुताचे सोंग वाटलो असेन, असा विनोद लॉइड पुढे करीत असे. वॉशिंग्टन 78-70 असे हरले. लॉइडचे गुण 6.

या 6 गुणांवरून ‘पदार्पण मात्र यथातथाच’ असा शेरा लेखात आहे, आणि खरे तर हे पत्र लिहायला त्या शेऱ्यानेच भाग पाडले. त्याच कागदावर त्याच्या नावापुढे 10 रिबाउंड आहेत, सामन्यातले सर्वाधिक. एनबीएने रिबाउंडची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली तीच मुळी 1950-51 च्या हंगामात. एक वर्ष आधी तो असाच खेळला असता तर कागदावर फक्त 6 हा आकडा राहिला असता. रिबाउंड म्हणजे हुकलेल्या फेकीनंतरचा चेंडू ज्याने ताब्यात घेतला त्याच्या नावावरची नोंद; चेंडू कोणाच्याही ताब्यात न येता रेषेबाहेर गेला तर ती संघाच्या खात्यावर जाते, खेळाडूच्या नाही. नवख्या गुणलेखकाची इथे हमखास गल्लत होते: उडी कोणी मारली ते तो लिहितो, चेंडू शेवटी कोणाच्या हातात आला ते लिहायचे असते.

बचावपटूचे निम्मे काम तर त्या काळच्या कागदावर उमटतच नाही. चेंडू हिसकावणे आणि फेक अडवणे या दोन्ही नोंदी एनबीएत 1973-74 पासून सुरू झाल्या. लॉइड 1960 मध्ये निवृत्त झाला. म्हणून त्याची कारकीर्द आकड्यांत पाहिली तर 560 सामने, सरासरी 8.4 गुण आणि 6.4 रिबाउंड, एवढेच हाती लागते. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या समोरच्या संघाच्या हुकमी खेळाडूला त्या रात्री किती कमी गुण मिळाले, हा रकाना त्या काळच्या कुठल्याच गुणपत्रिकेत नव्हता.

एक रकाना मात्र बोलतो, तो फाउलचा. 1953-54 मध्ये वैयक्तिक फाउलांत लॉइड लीगमध्ये पहिला होता: 303 फाउल. आपल्याकडे पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो. एनबीएत सामना 40 ऐवजी 48 मिनिटांचा आणि मर्यादा सहा फाउलांची. लॉइड त्या हंगामात 12 वेळा फाउल भरून बाहेर गेला. याचा अर्थ तो आडदांड होता, असा घाईने लावू नये. साडेसहा फुटांना जेमतेम टेकणाऱ्या या माणसाला आपल्याहून उंच आणि वजनदार ‘सेंटर’ खेळाडूंना रोखायचे काम दिलेले असे. शिवाय त्या वेळी फेकीला वेळेचे बंधन नव्हते. पुढे असलेला संघ चेंडू हातातल्या हातात फिरवत बसे आणि मागे असलेल्याला चेंडू मिळवायचा एकच मार्ग राही: फाउल करणे. समोरच्याला एक फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता करायची एका गुणाची फेक, द्यायचा आणि बदल्यात चेंडू घेऊन दोन गुणांची संधी साधायची. हा व्यवहार संघ ठरवून करी आणि त्याची पावती बचावपटूच्या नावावर फाटे. या रटाळपणाचा कळस 22 नोव्हेंबर 1950 रोजी झाला: फोर्ट वेन पिस्टन्सनी लेकर्सना 19-18 असे हरवले. पूर्ण सामन्यात दोन्ही संघांचे मिळून 37 गुण!

औषध सापडले ते सिरॅक्यूजमध्ये, लॉइड वॉशिंग्टननंतर ज्यात गेला त्याच संघात. सिरॅक्यूज नॅशनल्सचा मालक डॅनी बियासोन याने साधा भागाकार मांडला. चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे 120 फेकी करतात. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2,880 सेकंदांचा. भागिले 120; उत्तर 24. हे 24 सेकंदांचे घड्याळ 1954-55 पासून लागू झाले, आणि त्याबरोबरच प्रत्येक क्वार्टरमध्ये संघाच्या फाउलांना मर्यादा घालून पुढच्या फाउलला जादा फ्री थ्रो ठेवला. दोन्हींपैकी एकच नियम आणला असता तर भागले नसते: नुसते घड्याळ असते तर फाउलांचा धंदा चालूच राहिला असता. एका संघाचे सरासरी गुण एका हंगामात 79.5 वरून 93.1 वर गेले. लॉइडला या बदलाचा फायदाच झाला. धावणारा, दमदार, दोन्ही टोकांना पोहोचणारा खेळाडू आता लागत होता. त्या वर्षी त्याची सरासरी 10.2 गुण आणि 7.7 रिबाउंड अशी होती, गुणांच्या बाबतीत कारकिर्दीतली सर्वोत्तम.

त्याच वर्षी सिरॅक्यूज विजेते ठरले. आपल्या लेखात अंतिम फेरीचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे, म्हणून थोडे अधिक. सात सामन्यांची मालिका फोर्ट वेनशी होती. फोर्ट वेनच्या स्वतःच्या अरीनात त्या सुमारास बोलिंगची स्पर्धा लागली होती, त्यामुळे त्यांना ‘घरचे’ सामने इंडियानापोलिसला खेळावे लागले! सातवा सामना 10 एप्रिल 1955 रोजी सिरॅक्यूजमध्ये झाला. सिरॅक्यूज एका टप्प्याला 17 गुणांनी मागे होते. शेवटच्या 12 सेकंदांत जॉर्ज किंगने फ्री थ्रो टाकून 92-91 केले आणि लगोलग समोरच्याच्या हातून चेंडूही काढून घेतला. लॉइड आणि त्याचा सहकारी जिम टकर हे एनबीए विजेतेपद मिळवणारे पहिले दोन कृष्णवर्णीय खेळाडू. इथे ‘पहिला’ एकवचनी लिहू नये, टकरवर अन्याय होतो. त्याच हंगामात टकरने अवघ्या 17 मिनिटांच्या खेळात गुण, रिबाउंड आणि असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास) या तिन्हींत दोन आकडी मजल मारली होती; ती वेळ मोडायला 2018 साल आणि निकोला योकिच यावा लागला.

वॉशिंग्टन ते सिरॅक्यूज हा प्रवास लेखात ‘बदली’ असा आला आहे. बदली नव्हती. लॉइड वॉशिंग्टनकडून जेमतेम सात सामने खेळला आणि सैन्यात सक्तीच्या भरतीचे बोलावणे आले. तो ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलमध्ये असताना 9 जानेवारी 1951 रोजी कॅपिटॉल्स संघच बंद पडला, 10 विजय आणि 25 पराभवांवर. संघ नाही म्हटल्यावर त्याचा हक्क सिरॅक्यूजने घेतला आणि तो 1952 च्या हंगामापासून तिथे खेळू लागला.

मैदानाबाहेरचा भेदभाव लेखात आला आहे, पण सगळा दक्षिणेकडच्या राज्यांच्या माथी मारला आहे. फोर्ट वेन इंडियानात आहे, म्हणजे उत्तरेत. तिथल्या हॉटेलात लॉइडला खोली मिळाली, पण जेवणघरात बसू दिले नाही. त्याचा प्रशिक्षक बोन्स मॅकिनी त्याच्या खोलीत जाऊन त्याच्याबरोबर जेवला. कूपरला 1952 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात हॉटेलने घेतले नाही, तेव्हा तो रात्रीच्या गाडीने निघाला आणि त्याचा गोरा सहकारी बॉब कूझी त्याच्यासोबत गेला. हे प्रसंग बरेचदा छापले जातात. त्यामानाने कमी छापले जाते ते मैदानावरचे वाटप: पहिल्या काही वर्षांत या खेळाडूंना रिबाउंड आणि बचाव दिला जाई, फेकीसाठी चाली रचल्या जात त्या इतरांसाठी. कूपरने ही तक्रार उघडपणे केली होती. चार हंगामांनंतर तो बोस्टनहून मिलवॉकीला गेला, 409 सामन्यांत 6.7 गुणांच्या सरासरीवर थांबला. ही सरासरी वाचताना त्याच्या हातात चेंडू किती वेळा दिला गेला, हे विचारायला हवे. पुढे त्याने समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि पिट्सबर्ग शहराच्या उद्यान व क्रीडा विभागाचा प्रमुख झाला. क्लिफ्टन 1957 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ऑल-स्टार सामना खेळला आणि निवृत्तीनंतर शिकागोत टॅक्सी चालवत राहिला.

शेवटची चूक प्रशिक्षकपदाची. ‘एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक’ लॉइड नव्हे. तो मान 1966 मध्ये बोस्टनच्या बिल रसेलचा. रसेल त्या वेळी खेळतही होता. त्यानंतर लेनी विल्किन्स आणि ॲल ॲटल्स. लॉइड 1971 मध्ये डेट्रॉईट पिस्टन्सचा मुख्य प्रशिक्षक झाला, तो चौथा. मात्र 1968 मध्ये त्याच संघात सहायक प्रशिक्षक म्हणून तो पहिला होता. बहुधा दोन्ही पदांची सरमिसळ झाली असावी. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याचा हिशेब 22 विजय आणि 55 पराभव असा आहे. तो देताना इतके तरी सांगावे की पहिल्याच हंगामाच्या तोंडावर संघाचा मुख्य गार्ड डेव्ह बिंग याच्या डोळ्याला इजा झाली आणि जवळपास निम्मा हंगाम तो बाहेर होता. दुसऱ्या हंगामात सात सामन्यांनंतर लॉइडला काढले आणि त्याच्या जागी आलेला रे स्कॉट 1974 मध्ये वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला.

दुरुस्ती छापणार असाल तर या गोष्टी पुरेत: ‘एनबीए सामन्यात उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू’ असे पूर्ण लिहावे, पदार्पणाचे आकडे 6 गुण आणि 10 रिबाउंड असे दोन्ही द्यावेत, ‘हॉल ऑफ फेम’चे साल 2003 करावे, आपण 2014 छापले आहे, ते क्लिफ्टनचे. लॉइडचा मृत्यू 26 फेब्रुवारी 2015 रोजी वयाच्या 86 व्या वर्षी झाला, हे बरोबर आहे. आणि छायाचित्राखालची ओळ बदलावी. ‘पदार्पणाच्या रात्री लॉइड’ असे तिथे म्हटले आहे, पण अंगावर सिरॅक्यूजचा गणवेश आहे.

आपले,
बास्केटबॉल गुणलेखन करणारे काही वाचक,
पुणे